डोंगरात ‘अहो’ म्हणायचं नाही

हरवायला मुळशीपर्यंत जायची गरजच नव्हती, आम्ही चांदणी चौकातच हरवलो. तिथले नवे पूल झाल्यापासून कुठला रस्ता वर चढतो आणि कुठला खालून फिरून येतो, ते मला अजून उमगलेलं नाही. गाडी मी चालवत होते आणि शेजारी बसून आमचे हे वाट सांगत होते. “डावीकडे घे,” म्हणाले. घेतली डावीकडे. थोड्या वेळानं बघते तर आम्ही मुंबईच्या रस्त्याला लागलेलो.

“मी उजवीकडे म्हटलं होतं,” हे म्हणाले.

“तुम्ही डावीकडे म्हणालात.”

“म्हणालो असेन. पण माझ्या मनात उजवीकडेच होतं.”

या माणसानं जन्मभर पाटबंधारे खात्यात नकाशे काढले. मी टेलिफोन खात्यात होते, निवृत्त झाल्यावर हट्टानं गाडी शिकले. तेव्हापासून आमच्या घरात चाक माझ्याकडे आणि चुका त्यांच्याकडे, अशी वाटणी आहे. कसाबसा वळसा घालून बावधनच्या अंगानं पुन्हा पौड रस्त्याला लागलो, तोवर माझं डोकं तापलेलं होतं. पण हे वाद घालत होते याचंच मला बरं वाटत होतं. गेले कित्येक महिने ते वादसुद्धा घालत नव्हते.

त्याचं कारण होते अप्पा, म्हणजे माझे थोरले दीर. नाशिकला राहायचे. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा आणि हे गॅलरीत उभे राहून तासभर बोलायचे. काय बोलायचे कुणास ठाऊक, पण एवढे मोठ्यानं हसायचे की समोरच्या इमारतीतली माणसं बघायची. हिवाळ्यात अप्पा गेले. यांनी सगळं व्यवस्थित केलं, दिवस झाले, पाहुणे गेले. डोळ्यांतून टिपूस नाही. रविवारी सकाळी तेवढे गॅलरीत जाऊन उभे राहायचे आणि तसेच आत यायचे. मला ते बघवेना. शेवटी म्हटलं, सोनकी फुलली असेल, उठा, मुळशीच्या डोंगरात जाऊ.

बंगळूरहून लेकीनं फोनवर पाठ दिला. “बाबा, हरवलात तर चालत सुटायचं नाही. जिथे असाल तिथे खाली बसायचं. शोधणारा तुमच्यापर्यंत येतो, तुम्ही त्याच्यापासून लांब जायचं नाही.” तिनं दोघांसाठी शिट्ट्याही पाठवल्या होत्या. त्या शिट्ट्या दिवसभर गाडीच्या खणात सुखरूप होत्या, हे पुढे यायचंच आहे.

भूगावला नेहमीची वाहनांची रांग लागली. पिरंगुटचा घाट उतरलो आणि घोटावडे फाट्याशी कारखान्यांच्या बसगाड्यांतून वाट काढली. पौडला नाश्त्याला थांबलो. यांना साखरेचा आजार, सकाळी सुई टोचून घेतात आणि त्यावर पोटभर खावंच लागतं, नाहीतर साखर एकदम खाली येते. एकदा बँकेत तसं झालं होतं. खिडकीशी उभे होते, बोलता बोलता भलतंच काहीतरी बरळायला लागले आणि बसले खाली. म्हणून माझ्या पिशवीत ग्लुकोजची पुडी कायम असते. पौडच्या पोह्यांत साखर घातली होती म्हणून यांनी निम्मी बशी तशीच ठेवली. मी बोलले. “वर गेल्यावर डबा खातो,” म्हणाले.

पौडच्या पुढे हवा बदलते. धरणाचं पाणी दिसायला लागलं तशी मी काचा खाली केल्या. पाणी काठोकाठ होतं, वर करड्या ढगांचं झाकण. भातं पोटरीला आलेली, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ओल्या गवताचा तो वास. आम्ही गेलो त्या वाडीचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते आणि लोक सोनकी तुडवून फोटो काढतात.

वाडीत पहिल्याच घराच्या अंगणात गाडी लावली. आतून एक बाई आल्या, माझ्याच वयाच्या, काष्टा घातलेल्या. त्यांचं नाव ठकूबाई.

“लावा की हितं. जेवाया थांबनार हाय का? सांगून जावा, म्हंजी तांदूळ काढते. मी बी गवताला वरच येनार हाय, आल्यावर टाकते भाकऱ्या.”

“थांबतो,” मी म्हटलं. “यांना भूक जरा लवकर लागते.”

“लागंल की. दांड चडून आल्यावं दगूड बी ग्वाड लागतो.”

दांड म्हणजे डोंगराची लांब उतरती सोंड. त्या दांडावरून पायवाट वर सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) जाते. आम्ही थांबत थांबत चढलो. वर आलो आणि मी तोंडात बोटच घातलं. जिकडे बघावं तिकडे पिवळी सोनकी, मधून मधून तेरड्याचे गुलाबी पट्टे. यांचा चेहरा जरा उजळला. “अप्पाला दाखवायला हवं होतं,” एवढंच म्हणाले. सड्याची एक बाजू सरळ तुटलेली आहे, खाली कोकण. तिकडे जायचं नाही असं मी वाटेतच बजावलं होतं.

एका मोठ्या खडकापाशी बसलो. मी डबा काढत होते. हे म्हणाले, “जरा जाऊन येतो.” साठी उलटलेल्या माणसाला डोंगरात कशाला जायचं असतं ते विचारायचं नसतं. पिशवी, फोन, टोपी, सगळं खडकावर ठेवून गेले. तेवढ्यात खालून धुकं आलं. आलं म्हणजे कसं, तर चुलीत ओलं लाकूड घातल्यावर घर भरतं तसं. आधी सोनकी गेली, मग खडकाची पलीकडची कड गेली, मग माझ्या हातातला डबा तेवढा राहिला.

वाटलं, येतील. आवाज दिला. “अहोऽऽ!”

टेलिफोन खात्यानं मला हळू बोलायला शिकवलं, ओरडायला नाही. माझी हाक तिथेच विरली. पुन्हा दिली. काही नाही. फोनला रेंज नव्हती, आणि असती तरी त्यांचा फोन माझ्यापुढेच पडलेला. शिट्ट्या आठवल्या आणि मी माझ्याच कपाळावर हात मारला. मग सुई आठवली, आणि ती निम्मी बशी. धुक्याला मी घाबरत नव्हते, कड्याला घाबरत होते. साखर उतरली की या माणसाला आपण कुठे चाललोय तेही कळत नाही.

“काय वो ताई, कुनाला हाका मारताय?” धुक्यातून गवताचा एक भारा चालत आला आणि भाऱ्याखाली ठकूबाई होत्या.

“आमचे हे गेलेत ते परत आले नाहीत. त्यांना साखर आहे, पोटात काही नाही.”

त्यांनी भारा टाकला. “रडू नगा. मोट्यानं मारा हाक. धुकं लई झालंया, पर आवाज जातुया.”

मी छाती भरून घेतली. “अहोऽऽऽ!”

आणि खालच्या अंगानं, दांडाकडून, पुरुषी आवाज आला, “ओऽऽऽ!”

“घावलं बगा!” ठकूबाई म्हणाल्या.

मी डबा, पिशवी सगळं उचललं आणि जागा सोडून धावत सुटले. लेकीचा पाठ कुठल्या कुठे. उतारावर पाय घसरला आणि चिखलात मस्त बैठक मारली, तशीच उठले. “अहो!” म्हणत होते, “ओ!” येत होती, आणि आवाज जवळ जवळ येत होता. शेवटी धुक्यातून आधी दोन म्हशी आल्या, आणि त्यांच्यामागून डोक्यावर इरलं (पावसासाठी पानांचं विणलेलं पांघरूण) घेतलेला एक म्हातारा.

ठकूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “आवं, तुमी? तुमी कशापायी ओ देताय?”

“तू हाक मारलीस न्हवं?”

“मी कवा मारली? ह्या ताई मारत्यात त्यांच्या मालकाला!”

म्हातारा माझ्याकडे बघून ओशाळला. “मी म्हनलं, आज आमची लई लाडात हाक मारतीया. काय गोडधोड केलंय का काय.”

“आनी माझा आवाज असा हाय व्हय?”

“त्योच तर इचार करत व्हतो की.”

हसावं की रडावं मला कळेना. मी दोन्ही केलं. ते ठकूबाईंचे मालक, सखारामभाऊ. माझी अवस्था बघून त्यांनी चेष्टा थांबवली. “ताई, डोंगरात ‘अहो’ म्हनायचं न्हाई. हितं समदे अहोच हायेत. नाव घ्या.”

नाव! आमच्या पिढीच्या बायकांनी नवऱ्याचं नाव घेतलं ते लग्नात, घास भरवताना, उखाण्यात. पुढे कागदोपत्री लिहिलं, दुसऱ्यांना सांगितलं. पण त्या माणसाला त्या नावानं हाक मारली असं कधी झालंच नाही.

“तुम्ही घेता का यांचं नाव?” मी ठकूबाईंना विचारलं.

“मी कशाला घेतीया? ह्ये कुटं जात्यात हरवायला!” त्या म्हणाल्या. “तुमी सांगा मला, मी मारते.”

मी सांगितलं, मनोहर. आम्ही पुन्हा खडकापाशी चढून आलो आणि ठकूबाईंनी तोंडाला हात लावून अशी आरोळी दिली की म्हशींनी माना वर केल्या. “मनोऽऽर! ओ मनोऽऽरभाऊ!” काही नाही. मग मीही म्हणून बघितलं, “मनोहर!” जिभेला ते इतकं परकं लागलं की शेजारच्यांच्या मुलाला बोलावतेय असं वाटलं. धुकं हललं नाही. मी देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. अप्पांना नेलंस, आता एवढा एक माणूस ठेव, एवढंच लिहिते.

तेवढ्यात एक म्हैस कड्याच्या अंगाला निघाली. “चंद्राऽ!” ठकूबाई ओरडल्या. म्हशीनं नुसता कान हलवला. सखारामभाऊ शांतपणे म्हणाले, “ए काळे, ये हिकडं.” म्हैस वळली आणि झपाझप आली.

“हिचं नाव चंद्रा आहे का काळी?” मी उगीचच विचारलं. माणूस घाबरला की काहीही विचारतो.

“आमी चंद्रा ठिवलं,” सखारामभाऊ म्हणाले. “पर इकत आनली तवा मोठी व्हती. पयल्या घरी काळे म्हनत हुते. ल्हानपनी जी हाक कानात बसली तिलाच येती.”

मी तिथल्या तिथे उभी राहिले. दर रविवारी फोन मी उचलायचे आणि पलीकडून अप्पांचा खर्जातला आवाज यायचा, “मन्या आहे का गं?” मनोहर हे शाळेच्या पटावरचं नाव. आईला, अप्पांना, गल्लीतल्या पोरांना हा मन्या होता. आई केव्हाच गेली, पोरं पांगली, राहिलेले एक अप्पा होते. म्हणजे हिवाळ्यापासून या जगात यांना मन्या म्हणणारं कुणी राहिलंच नव्हतं. ऑफिसात साहेब, सोसायटीत काका, लेकीचे बाबा, माझे अहो. रविवारी गॅलरीत उभा राहून हा माणूस कशाची वाट बघत होता ते मला तेव्हा कळलं. एवढी वर्षं एका घरात राहून मला ते एका म्हशीनं सांगावं, काय म्हणावं!

ती हाक माझी नव्हती. ती मारायला जीभ रेटत नव्हती, मेलेल्या माणसाच्या वस्तूला हात लावल्यासारखं वाटत होतं. पण तिकडे कडा होता.

“मन्याऽऽऽ!” मी ओरडले. ठकूबाई दचकल्या. “मन्याऽऽ! कुठं आहेस रे?”

आणि आम्ही उतरलो होतो त्याच्या अगदी उलट बाजूनं, कड्याच्या बाजूनं, बारीक पण लगबगीचा आवाज आला. “ओऽऽ! आलो, अप्पा!”

आवाज चालत होता. निघालाच होता तो माणूस, धुक्यात, कड्याच्या कडेनं, हाकेला धावायची सवय असलेल्या पोरासारखा.

“येऊ नकोस!” मी किंचाळले. “मन्या, बस! आहेस तिथं खाली बस! हलायचं नाही!”

“बसलो!” तिकडून आलं.

“बोलत राहा!”

“काय बोलू?”

“पाढे म्हण!”

आणि देवाशपथ, धुक्यातून बेएकं बे, बेदुणे चार यायला लागलं. सखारामभाऊ काठीनं जमीन चाचपत पुढे, मी त्यांचं इरलं धरून मागे, तशा त्या पाढ्यांच्या मागावर आम्ही गेलो. मध्येच पाढा चुकायला लागला, आवाज जड झाला. मी वेगानं चला म्हणत होते आणि ते मुद्दाम हळू चालत होते, आणि त्यांचंच बरोबर होतं.

सोनकीत मांडी घालून बसले होते. अंगातला सदरा घामानं भिजलेला, हात थरथरत होते. कडा त्यांच्यापासून फार लांब नव्हता, तो मी नंतर बघितला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या मागे कुणी आहे का ते बघितलं.

“अप्पा?”

मी ग्लुकोजची पुडी त्यांच्या तोंडाशी नेली, मग पाणी, मग डब्यातली पोळी. ठकूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. हळूहळू डोळे ठिकाणावर आले.

“अगं, तू?”

“मग कोण असणार?” म्हटलं आणि खाली बसून मी जी रडले, ती ठकूबाई “उठा आता” म्हणेपर्यंत रडले.

धुकं निवळल्यावर खाली आलो. ठकूबाईंनी आंबेमोहोराचा भात टाकला, पिठलं केलं, गरम नाचणीची भाकरी आणि कुरडूची (पावसाळ्यात उगवणारी रानभाजी) परतलेली भाजी. हे चांगले जेवले. जेवता जेवता सखारामभाऊंनी विचारलं, “भाऊ, ताईंनी येवढ्या हाका मारल्या, तुमी ओ का न्हाई दिली?”

“देणार होतो की,” हे म्हणाले. “‘अहो’ ऐकू आलं, म्हटलं हीच. तेवढ्यात तिकडून कुणीतरी ‘ओ’ दिली. म्हटलं, त्या बाईंना त्यांचा अहो मिळाला, ही आपली नव्हे. म्हणून दुसऱ्या बाजूला शोधायला गेलो.”

ठकूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. “ऐकलं? आता कुनी बी हाक मारली तरी गप ऱ्हावा.”

“आनी तू मारलीस तर?”

“तर बी गपच ऱ्हावा. जेवायच्या वक्ताला येताच की आपुआप.”

“आणि मनोहर म्हणून हाक आली, ती?” मी विचारलं.

“ती ऐकली,” हे म्हणाले आणि भातात बोटं फिरवत राहिले. “म्हटलं, कुणाला तरी बोलावतायत.”

निघताना ठकूबाईंनी पदराच्या टोकात बांधून आणलेल्या काकड्या माझ्या हातात कोंबल्या. परतीच्या वाटेवर धरणाचं पाणी उजेडात चमकत होतं, हे बघत होते आणि वाट सांगत नव्हते. पौड गेलं. घोटावडे फाट्याच्या अलीकडे म्हणाले, “ती हाक तूच मारलीस?”

“हो.”

“आवाज अगदी अप्पासारखा वाटला गं.”

“ओरडताना सगळ्यांचाच घसा तसा होतो.”

“मी ‘आलो अप्पा’ म्हणालो का?”

“म्हणालात.”

मी गाडी कडेला घेतली, कारण त्यांचे खांदे हलायला लागले होते. हिवाळ्यात जे रडायचं राहिलं होतं ते सगळं तिथे, रस्त्याच्या कडेला, कारखान्यांच्या बसगाड्या शेजारून जात असताना रडले. मी चाकावर हात ठेवून बसून राहिले. बराच वेळ लागला. मग नाक पुसून म्हणाले, “चल. चांदणी चौकात मी सांगतो कुठून वळायचं.”

“तुम्ही काही सांगू नका,” मी म्हटलं.

घरी आल्यावर पुन्हा अहो सुरू झालं. एवढ्या वर्षांची जीभ, ती काय एका दिवसात वळते? आणि ती दुसरी हाक रोज वापरायची नाही असं मी ठरवलंय. चहा झालाय, दूध आणा, यासाठी ती नाही. पण माणूस हरवला तर त्याला शोधून काढील अशी एक हाक कुणाकडे तरी असावी लागते. अप्पांकडे होती, आता माझ्याकडे आली आहे. लेकीनं सांगितलं ते खरंच आहे, हरवलं की खाली बसायचं. पण बसून राहायला धीर लागतो, आणि तो धीर आपल्याला शोधणारं कुणीतरी आहे या भरवशावरच टिकतो.

परवा हे त्यांच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींबरोबर टेकडीवर निघाले. दारातल्या स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. मी नेहमीचं म्हटलं, फोन घेतलात का, पुडी घेतलीत का, शिट्टी गळ्यात घाला. ते हूं हूं करत होते.

“हरवलास तर बसून राहा,” मी म्हटलं.

बांधलेली नाडी सोडून त्यांनी ती पुन्हा घट्ट बांधली.

“बसतो,” म्हणाले.